दीर्घकथा: मूल पळवलं जातं, त्यानंतरचं घर कसं लिहायचं?

निशिगंध

नमस्कार मंडळी. एका गडद दीर्घकथेचा पहिला खर्डा पूर्ण झाला आहे. साधारण १४,००० शब्द, नऊ प्रकरणं. सहा वर्षांची मुलगी भर दुपारी अंगणातून नाहीशी होते. घरात आई, वडील आणि अकरा वर्षांचा भाऊ. चार वर्षांनी मुलगी जिवंत सापडते. निवेदन आलटून पालटून आईच्या आणि भावाच्या नजरेतून आहे. मध्ये एक प्रकरण तिला नेणाऱ्या माणसाच्या नजरेतून.

खर्डा वाचणाऱ्यांचं म्हणणं एकच आहे: पहिली तीन प्रकरणं खाली ठेववत नाहीत, चौथ्यापासून कथा बसते. पानोपानी आई रडते, वडील खिडकीशी उभे राहतात, भाऊ गप्प असतो. शेवटच्या प्रकरणात मुलगी धावत येऊन आईला बिलगते आणि कथा संपते. ते प्रकरण जेमतेम ६०० शब्दांचं आहे आणि मलाही ते खोटं वाटतं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मधली चार वर्षं एकसुरी होऊ नयेत म्हणून काय करावं? पोलिसी तपास किती आणि कसा दाखवावा? नेणाऱ्या माणसाचं प्रकरण ठेवावं की काढावं? कथा कुठल्याही खऱ्या घटनेवर बेतलेली नाही. मुलीवर काय गुदरलं ते थेट दाखवायचं नाही, एवढं आधीच ठरवलं आहे.

पानगळ

चौथ्या प्रकरणापासून कथा बसते, कारण तिथून तुम्ही मृत्यूनंतरचा शोक लिहायला घेतला आहे. या घरात कोणी मेलेलं नाही. पण कोणी आहे असंही म्हणता येत नाही. पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना या अवस्थेला ‘ॲम्बिग्युअस लॉस’ असं नाव दिलं. मराठीत ‘अनिश्चित वियोग’ म्हणू या. त्याचे त्यांनी दोन प्रकार सांगितले. एकात माणूस देहाने नसतो पण मनात हजर असतो, म्हणजे बेपत्ता माणसासारखा. दुसऱ्यात माणूस समोर बसलेला असतो पण मनाने तिथे नसतो, जसं स्मृतिभ्रंशात होतं.

तुमच्या कथेत हे दोन्ही प्रकार एकाच घरात आहेत, आणि माझ्या मते तुमची खरी कथा तीच आहे. आईची मुलगी पहिल्या प्रकाराने गेली. भावाची आई दुसऱ्या प्रकाराने गेली. मुलीला शोधायला अख्खं गाव बाहेर पडतं. आई हरवली आहे हे मात्र त्या मुलाशिवाय कोणाला दिसत नाही. आत्ता तुमचे दोन निवेदक एकाच दुःखाकडे दोन खिडक्यांतून बघताहेत, म्हणून एकसुरी वाटतं. त्यांना दोन वेगळी दुःखं द्या.

आता मधली चार वर्षं. शोकाला शेवट असतो, निदान टप्पे तरी असतात. इथे काहीच मिटत नाही, त्यामुळे भावना वर्णन करून पुढे सरकत नाही. ती निर्णयांनी सरकते. प्रत्येक प्रकरणाला असा एक निर्णय द्या, जो घराला टाळता येत नाही आणि ज्यावर आईवडिलांचं पटत नाही. घर बदलायचं का? मुलीला पत्ता तोंडपाठ आहे, म्हणून आई हलायला तयार नाही. जुना फोन नंबर बंद करायचा का? शाळेच्या पटावरचं नाव काढू द्यायचं का? तिच्या पलंगावर पाहुण्यांना झोपवायचं का? वडिलांनी नोकरीवर परत कधी जायचं, आणि ज्या दिवशी गेले त्या दिवशी आईने ते कशाच्या खात्यात मांडलं? पाच प्रकरणांना पाच निर्णय पुरतात. निर्णय जितका क्षुल्लक, तितकं भांडण भयंकर होतं.

प्रकरणांना तारखा देऊ नका, मुलीचं वय द्या: ‘सहा वर्षं, दोन महिने’, ‘सात वर्षं, एक दिवस’. आई कॅलेंडर असंच मोजत असते. वाचकाला घड्याळ मिळतं आणि ‘दिवसामागून दिवस गेले’ छापाचं एक वाक्यही लिहावं लागत नाही.

आणि मराठी क्रियापदांचा वापर करून घ्या, ते फुकट हाताशी आहेत. ‘तिला पाऊस आवडतो’ आणि ‘तिला पाऊस आवडायचा’ यांत अख्खं प्रकरण आहे. वडिलांच्या तोंडून पहिल्यांदा ‘आवडायचा’ निघेल, तो कथेतला सर्वांत मोठा आवाज असायला हवा. त्यावर आईने काही बोलूही नये, नुसतं वळून बघावं. तसंच ‘गेली’ हा शब्द. मराठीत ‘मुलगी गेली’ म्हणजे काय ते सांगायला नको, म्हणून या घरात तो शब्द कोणी उच्चारणार नाही. मग काय म्हणतील? शेजारी ‘हरवली’ म्हणतील. त्यात थोडा दोष आईकडे सरकतो. वस्तू हरवते ती कोणाच्या तरी निष्काळजीपणामुळे. पोलीस ‘बेपत्ता’ म्हणतील. आई ‘नेली’ म्हणेल, कारण नेलेलं परत आणता येतं. भाऊ काहीच म्हणणार नाही, तो ‘तेव्हा’ म्हणेल: ‘तेव्हा मी पाचवीत होतो.’ प्रत्येक पात्राला त्याचा त्याचा शब्द वाटून द्या आणि शेवटपर्यंत पाळा. चौथ्या वर्षी आईच्या तोंडून चुकून ‘हरवली’ निघालं, तर वाचक आपोआप दचकेल.

रडण्याचा हिशेब ठेवा. पूर्ण कथेत आईने दोनदा रडावं, त्याहून जास्त नाही. तेही भलत्याच जागी: वाढदिवशी नको, फोटो बघून नको. दुकानात कोणीतरी सहज ‘मुलं किती तुम्हाला?’ विचारल्यावर चालेल. ‘दोन’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कितवीत आहेत?’ येतो. ‘एक’ म्हटलं की मुलगी पुसली जाते.

नेणाऱ्या माणसाचं प्रकरण माझ्या मते काढून टाका. ते ठेवलं की मुलगी जिवंत आहे हे वाचकाला कळतं, आणि घर ज्या अनिश्चितीत जगतंय त्यातून वाचक सुटतो. घराला माहीत नाही ते वाचकालाही माहीत नको.

काटेकोर

तपासाबद्दल लिहितो. लेखकांच्या चुका ठराविक जागी होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ’. कथांमध्ये हे वाक्य इतकं रुळलंय की लोकांना तो नियमच वाटतो. लहान मुलांच्या बाबतीत असं थांबायचं नसतं. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने हा प्रतीक्षाकाळ ठेवायला बंदी केली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आदेश दिला की मूल बेपत्ता असल्याच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असावी असं गृहीत धरूनच तपास सुरू करायचा. तुमच्या कथेत एखादा अधिकारी टाळाटाळ करत असेल तर खुशाल करू दे, पण तो नियम मोडतोय हे कथेला माहीत असलं पाहिजे.

दुसरी चूक: शोध लगेच रानावनात सुरू होतो. प्रत्यक्षात पहिला शोध घराचाच घेतात, आणि घरच्यांनी ‘आम्ही सगळीकडे पाहिलं’ म्हटलं तरी घेतात. कपाटं, पलंगाखाली, माळा, पाण्याची टाकी, गाडीची डिकी, जुना बंद फ्रीज. सहा वर्षांचं मूल लपलेलं असू शकतं, अडकलेलं असू शकतं, घाबरून हाकेला ओ न देणारं असू शकतं. अनोळखी माणूस टाकीचं झाकण उचलतोय आणि आई जिन्यात उभी आहे, हा प्रसंग पहिल्या तासाचा आहे. तुमच्या खर्ड्यात तो नसेल तर घाला.

तिसरी गोष्ट म्हणजे संशय. मुलं पळवणाऱ्यांत पूर्ण अनोळखी माणसं कमी असतात; बहुतेक वेळा नातलग किंवा मुलाच्या ओळखीचं कोणीतरी निघतं, आणि त्यात ताब्यावरून भांडणाऱ्या आईवडिलांचा वाटा मोठा असतो. एका देशातून दुसऱ्या देशात नेलेल्या अशा मुलांसाठी तर १९८० चा स्वतंत्र हेग करार आहे. म्हणून पोलीस आईवडिलांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच ते प्रश्न विचारतात. कोणी शेवटचं पाहिलं, किती वाजता, अंगात काय होतं. दोघांच्या उत्तरांत दहा मिनिटांचा फरक पडला तर त्यावर तासभर घालवतात. तो दहा मिनिटांचा फरक नवराबायको पुढे चार वर्षं एकमेकांपुढे मांडत राहतील. खलनायक पोलिसाची गरजच पडत नाही. नीट काम करणाऱ्या माणसाने सभ्यपणे विचारलेला प्रश्नही घर चिरत जातो.

घरातून काय नेतात ते नीट लिहा. अलीकडचा फोटो लागतो. सहा वर्षांच्या मुलाचा वर्षभरापूर्वीचा फोटो फसवतो, कारण त्या वयात पुढचे दुधाचे दात पडू लागतात. ‘खालचा एक दात पडलेला’ ही ओळख पटवायची खूण आहे, आणि फोटोत तो दात असतो. श्वानपथकासाठी न धुतलेला, इतरांनी न हाताळलेला कपडा किंवा उशीचा अभ्रा लागतो. इथे एक साधी, भयंकर गोष्ट घडते: पोलीस यायच्या आधीच आईने मुलीचा फ्रॉक छातीशी धरलेला असतो, तो हातोहात फिरलेला असतो. वासांची सरमिसळ होते. श्वानाबरोबरचा माणूस शांतपणे म्हणतो, ‘दुसरं काही आहे का, कोणी हात न लावलेलं?’ एवढंच. त्याने ओरडायची गरज नाही. डीएनएसाठी टूथब्रश आणि केसांचा ब्रश नेतात, आणि कागदी पाकिटात घालतात. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. शेजारीपाजारी मदतीला धावतात, त्यांच्या पायांनी अंगणातला माग तुडवला जातो. त्यात कोणाचंही वाईट मन नसतं.

पुढे काय होतं? शोधायला येणारी माणसं आठवड्याभरात रोडावतात. खोटे फोन येतात, काही पैशांसाठी, काही निव्वळ विकृतीने, आणि काही मनापासून मदत करू बघणाऱ्यांचे. तिसरे सर्वांत जास्त छळतात. मग तपास अधिकाऱ्याची बदली होते आणि नवा येऊन म्हणतो, ‘पहिल्यापासून सांगा.’ तुमच्या सहाव्या किंवा सातव्या प्रकरणासाठी हा तयार प्रसंग आहे: तीच कहाणी, पण आई आता ती पाठ केल्यासारखी सांगते, आणि सांगता सांगता तिला जाणवतं की आपल्याला आठवतंय ते ती दुपार नाही, आपलंच आधीचं सांगणं आहे.

आता एक गोष्ट जी तुमच्या भावासाठी सोन्यासारखी आहे. बरीच वर्षं बेपत्ता असलेल्या मुलांची ‘आज कशी दिसत असतील’ अशी चित्रं तयार करतात. अमेरिकेत १९८४ साली स्थापन झालेली नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन ही संस्था मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत साधारण दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नवं चित्र करते. त्यासाठी आईवडिलांचे आणि भावंडांचे त्याच वयातले फोटो मागवतात. तुमच्या हिशेबात पहिलं चित्र मुलगी आठ वर्षांची असताना, दुसरं दहाव्या वर्षी. म्हणजे भावाचा आठव्या आणि दहाव्या वर्षीचा फोटो अल्बममधून काढून नेतील. आणि पोस्टरवर बहिणीच्या डोळ्यांखाली त्याचीच हनुवटी असेल.

निशिगंध

पानगळ, काटेकोर, दोघांचे आभार. हनुवटीचं वाचून वही बाजूला ठेवावी लागली. टाकीचं झाकण खर्ड्यात नव्हतं. माझ्या पोलिसांनी थेट नदीकाठ गाठला होता.

अजून दोन शंका. भाऊ अकराचा पंधरा होतो. त्याचा अपराधीपणा किती दाखवू? आणि ती परत येते तेव्हा खरोखर काय होतं? दहा वर्षांच्या मुलीला सहाव्या वर्षापर्यंतचं किती आठवेल?

उंबरठा

भावापासून सुरुवात. ‘माझ्यामुळे झालं’ हे त्याने एकदाही बोलू नये. या वयाचं मूल कारणं शोधतं आणि त्यातली सगळी स्वतःकडे वळवतं: त्या दुपारी मी तिला ‘जा ना, दुसरीकडे खेळ’ म्हटलं होतं. हे वाक्य वाचकाला पहिल्या प्रकरणात ऐकू येऊ द्या, सहज, इतर दहा वाक्यांमध्ये. त्याच्यावर बोट ठेवू नका. पुढे भाऊ कोणालाही ‘जा’ म्हणत नाही एवढंच दाखवा. मित्र कंटाळवाणा झाला तरी तो स्वतः उठून जातो.

दुसरं म्हणजे तो अतिशय शहाण्यासारखा वागू लागेल, आणि घर त्याचं कौतुक करेल. मार्क चांगले, आवाज नाही, मागणं नाही. ताप आला तरी सांगत नाही, कारण आईला आणखी एक काळजी नको. पानगळ म्हणतात तसं त्याने आई गमावली आहे, पण तक्रार करायला जागा नाही. हरवलेल्या बहिणीशी स्पर्धा करता येत नाही. त्यातून चीड येणार. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याच्या मनात ‘एकदाचं काहीतरी कळू दे, काहीही’ असं येईल, आणि त्या ‘काहीही’मध्ये काय काय बसतं हे त्याला त्याच क्षणी समजेल. माझ्या मते तुमच्या कथेतली सर्वांत काळी जागा ही आहे, नेणाऱ्याच्या घरातली नाही. तिथे घाई करू नका. एक पूर्ण पान द्या.

आता परत येणं. आधी शरीर. सहा ते दहा या काळात मुलगी साधारण वीस-बावीस सेंटीमीटर वाढते. पुढचे दात कायमचे आलेले असतात आणि ते चेहऱ्याची ठेवणच बदलून टाकतात. आईने चार वर्षं जो चेहरा धरून ठेवला तो आता कुठेच नाही. आईने ओळखलं नाही, निमिषभर का होईना, तर ते खरं वाटेल. आणि त्या निमिषाची लाज तिला आयुष्यभर पुरेल.

स्मरणाबद्दल: मोठेपणी आपल्याला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं सहसा आठवत नाही. तुमची मुलगी सहाची होती, म्हणजे घर आठवणार, पण सलग नाही. लहान मुलांची आठवण सांगण्या-बोलण्यातून टिकते. ‘आठवतं का, आपण तेव्हा’ म्हणणारं कोणी नसलं की ती झिजते. तिला वडिलांचा चेहरा धूसर आठवेल आणि जिन्याच्या कठड्याचा गारवा लख्ख आठवेल. नेणाऱ्याने ‘त्यांनी तुला देऊन टाकलं’ असं सांगितलेलं असेल तर खऱ्या आठवणींवर तो एक थर चढलेला असतो, आणि तो एका मिठीने उतरत नाही.

तिला दुसऱ्या भाषेच्या मुलुखात ठेवलं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. २००३ मध्ये क्रिस्तोफ पालिए आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये तीन ते आठ या वयात दत्तक गेलेल्या आठ कोरियन माणसांची चाचणी घेतली, ती मोठी झाल्यावर. त्यांना कोरियन वाक्यं इतर परक्या भाषांतल्या वाक्यांपासून वेगळी ओळखता आली नाहीत, आणि मेंदूच्या प्रतिमांतही कोरियन ऐकताना वेगळा प्रतिसाद दिसला नाही. तिथे मधली वर्षं जास्त होती. चार वर्षांत तुमच्या मुलीची भाषा पूर्ण पुसणार नाही, पण ती अडखळेल, सहा वर्षांच्या मुलीचे शब्द वापरेल, मोठ्या गोष्टी दुसऱ्या भाषेत बोलेल. आईची अंगाई तिला चालीसकट आठवेल आणि अर्थ लागणार नाही, असं लिहिलंत तर मी विश्वास ठेवीन.

‘धावत येऊन बिलगली’ हे काढाच. कसं घडतं ते बघा. आधी ओळख पटवायची, म्हणजे आईवडिलांच्या डीएनएशी जुळणी. तो निकाल येईपर्यंत ‘बहुधा तीच’ एवढंच सांगतात. मग वैद्यकीय तपासणी. मग प्रशिक्षित व्यक्तीकडून जबाब, खुल्या प्रश्नांनी: ‘मला त्या घराबद्दल सांग.’ ‘त्याने तुला मारलं का?’ असं विचारत नाहीत, कारण सुचवणारे आणि पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न मुलाची साक्ष बिघडवतात. म्हणून आईवडिलांनाही बजावतात: तुम्ही काही विचारू नका, ती सांगेल तेवढं ऐका. विचार करा, जिने चार वर्षं एकच प्रश्न उराशी धरला त्या आईला तो विचारायला मनाई आहे. तुमचं शेवटचं प्रकरण इथे आहे आणि ते ६०० शब्दांत मावणार नाही; निदान २,००० द्या.

वागणं: संडासला जायची परवानगी मागेल. दार बंद करायचं की उघडं ठेवायचं ते विचारेल. नव्या नावाला ओ देईल, जुन्या नावाने हाक मारली की क्षणभर उशीर होईल. खाणं लपवून ठेवेल. आणि ती नेणाऱ्याबद्दल विचारेल: ‘त्यांचं औषध संध्याकाळी असतं. कोण देईल?’ याला पटकन ‘स्टॉकहोम सिंड्रोम’चं, म्हणजे ओलिसाला पकडणाऱ्याबद्दलच जवळीक वाटू लागण्याचं, लेबल लावू नका. ते नाव १९७३ मध्ये स्टॉकहोममधल्या एका बँकेत सहा दिवस ओलीस राहिलेल्या मोठ्या माणसांवरून पडलं, आणि मानसविकारांच्या अधिकृत निदान-पुस्तिकेत ते स्वतंत्र निदान म्हणून नाही. मूल ज्याच्या हातून जगतं त्याला चिकटतं, एवढं साधं आहे. तुमच्या कथेत डॉक्टरने समजावून सांगण्यापेक्षा आईने ते ‘औषध’ ऐकावं आणि हातातलं काम करत राहावं.

भाऊ तिथे काय करतो? त्याच्याकडे जुना खेळ आहे, त्याने जपलेला. तो पंधराचा, ती दहाची. तो खेळ आता दोघांपैकी कोणालाच पुरत नाही.

कोरा कागद

सगळ्यांशी सहमत, फक्त नेणाऱ्याच्या प्रकरणावर वेगळं मत. पानगळ यांचा मुद्दा अनिश्चितीचा आहे आणि तो बिनतोड आहे, पण तो प्रकरणाच्या जागेबद्दलचा मुद्दा आहे. मुलगी सापडल्यानंतर ते आणा, म्हणजे काहीच फुटत नाही. आठव्या प्रकरणाच्या जागी, ९०० शब्दांच्या आत, आणि त्याच्या मनातून नको. त्याच्या शेजाऱ्यांच्या जबाबांतून लिहा: भाडं वेळेवर द्यायचा, भाची आहे म्हणायचा, मुलगी कधी रडलेली ऐकली नाही, एकदा जिन्यात भेटली तेव्हा नमस्कार केला तिने. ज्यांनी पाहिलं आणि ज्यांना काही दिसलं नाही, त्यांचा आवाज. त्याचं बालपण, त्याच्यावर झालेला अन्याय, ते सगळं वगळा. तिथे कारण दिलं की वाचकाला ते पुरेसं वाटू लागतं.

दोन सूचना जबाबदारीच्या. मुलीला कोणत्या बोलण्याने सोबत नेलं, ते तपशिलात लिहू नका. कथेला त्याची गरज नाही: ती अंगणात होती आणि मग नव्हती, एवढ्यावर पहिलं प्रकरण उभं राहतं. आणि कथेच्या आधी दोन ओळींत विषय सांगा. असं घर प्रत्यक्ष जगलेला वाचक असू शकतो, त्याला आत यायचं की नाही ते ठरवू द्या.

वाचनासाठी एक दिशा: अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीत कैदेतल्या स्त्रियांची बाळं काढून घेऊन दुसऱ्यांच्या घरात वाढवली गेली. १९७७ पासून त्यांच्या आज्या प्लाझा दे मायो चौकातून त्यांचा शोध घेत आल्या आहेत. आईबाप उरलेले नाहीत तिथे आजीच्या रक्तावरून नातं कसं सिद्ध करायचं, हा प्रश्न त्यांनी शास्त्रज्ञांपुढे ठेवला, आणि १९८७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय जनुकीय पेढी, म्हणजे कुटुंबांच्या जनुकीय नमुन्यांचा साठा, कायद्याने स्थापन झाली. शंभराहून अधिक नातवंडं सापडली, बहुतेक मोठी होऊन. त्यातल्या काहींना ज्यांनी वाढवलं त्यांच्याबद्दल प्रेम होतं, आणि चाचणी नकोशी वाटत होती. ‘सापडलं’ म्हणजे कोणाला, हा प्रश्न तिथे सर्वांत उघडा दिसतो.

निशिगंध

शेजाऱ्यांच्या जबाबांची कल्पना उचलते आहे. चौथ्या प्रकरणातला एक परिच्छेद इथे ठेवते, यात नेमकं काय बिघडलंय ते सांगाल का?

‘आईच्या काळजाचे तुकडे तुकडे झाले होते. ती तासन् तास त्या रिकाम्या खोलीत बसून राही. तिच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. भिंतीवरचं मुलीने काढलेलं चित्र जणू तिला विचारत होतं, कुठे आहे ती? पण त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.’

पानगळ

पाच वाक्यांत पाच वेळा तुम्ही वाचकाला ‘दुःख आहे’ सांगितलंत, आणि एकदाही ते कोणाच्या हातात दिलं नाहीत. काळजाचे तुकडे, डोळ्यांतलं पाणी, बोलणारं चित्र, हे सगळं इतकं वापरलेलं आहे की डोळा त्यावरून घसरतो. ‘जणू’ दिसला की थांबा. तिथे बहुतेक वेळा वस्तू सोडून उपमा पकडलेली असते. ‘रिकाम्या खोलीत’ही नको. खोली रिकामी नाही, उलट तिच्यात सगळं आहे.

काटेकोर यांनी टूथब्रश पोलिसांनी नेला असं सांगितलं. तो धागा ओढा. एक नमुना देतो, तुमच्या शब्दांत बदलून घ्या:

‘मगमध्ये तीन ब्रश होते. चौथा पहिल्या रात्रीच कागदी पाकिटातून गेला होता. तीन महिने झाले, ब्रश बदलायला हवे होते. आईने चार आणले. छोट्या ब्रशच्या वेष्टणावर वय लिहिलं होतं, तिने ते दोनदा वाचलं आणि मोठ्या वयाचा घेतला. मगमध्ये ठेवला तेव्हा तो तिघांपेक्षा वेगळा दिसत होता. कोरडा होता म्हणून. रात्री सगळे झोपल्यावर तिने तो नळाखाली धरला.’

इथे प्रकरण आईच्या नजरेतलं संपवा. पुढचं प्रकरण भावाचं आहे, त्याचं पहिलं वाक्य सकाळचं ठेवा: त्याने मगमध्ये हात घातला, आणि छोटा ब्रश ओला होता. त्याला काय वाटलं ते लिहू नका. तो धावत तिच्या खोलीपर्यंत गेला, एवढं लिहा.